‘चीनने सगळं चोरलं’ म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

घाटावरचा
परवा इथेच एका विद्वानाने लिहिलं: "चीनची प्रगती म्हणजे चोरी अधिक हुकूमशाही. अमेरिकेने नळ बंद केला की संपलं." खाली वाहवा करायला रांग! म्हणून हे लांबण.

अहो, तंत्रज्ञानाचा नळ अमेरिकेने २०१९ मध्येच बंद केला. ह्वावे या चिनी फोन कंपनीला काळ्या यादीत टाकलं, चिप बंद, गूगल बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी मेट ६० प्रो हा फोन आणला. आत एसएमआयसी या चिनी कंपनीची ७ नॅनोमीटर चिप, तीही अतिसूक्ष्म चिपा कोरणारं एएसएमएल या डच कंपनीचं ईयूव्ही यंत्र हाताशी नसताना. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी एआयच्या धक्क्याने एनव्हिडिया या अमेरिकन चिप कंपनीचं बाजारमूल्य एका दिवसात जवळजवळ ६०० अब्ज डॉलरने घसरलं. नुसत्या हुकूमशाहीने होत असतं तर उत्तर कोरियाही आज चिपा विकत असता.

खडूस काकू
झालं आरती ओवाळून? आता तिथल्या कंपन्यांच्या ९९६ बद्दल बोला. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा म्हटलं, तेव्हा कुठे कुजबुज. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांची बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली, तर सरकारने आकडाच छापणं थांबवलं! पुढे विद्यार्थी वगळून नवा आकडा काढला. माझी भाची २०२२ च्या लॉकडाऊनमध्ये शांघायला होती. एवढा पगार, आणि दिवसभर सोसायटीच्या ग्रुपवर कोबी-अंड्यांच्या घाऊक ऑर्डरीत आपलं नाव लागतंय का बघत बसायची. तुमची चिप तळून खायची का?

चाकणचा टूलरूमवाला
काकू, भाचीचं वाईट वाटलं, पण मुद्दा राहिला बाजूला. चीनमधल्या डोंगग्वानहून आमच्या गिऱ्हाइकाने मोल्ड, म्हणजे साचा मागवला. तो उघडताना मी समोर होतो. पीस साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या जादा इजेक्टर पिना तेलकागदात गुंडाळलेल्या, ट्रायलचे पीस वेगळ्या पिशवीत, प्रत्येकावर तारीख. दर आमच्यापेक्षा कमी, आणि आम्ही जेवढ्या दिवसांत ड्रॉइंग पास करून घेतो तेवढ्यात माल बंदरावर. पोलादवाला, हीट ट्रीटमेंटवाला, पॉलिशवाला, सगळे हाकेच्या अंतरावर. यात चोरलं काय? मला हीट ट्रीटमेंटला माल पाठवायचा तर आधी टेम्पो शोधा. आणि खरी गोम पेमेंटची आहे. आमच्या मोठ्या कंपन्या पैसे देतात कधी? छोट्या पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे. बिल घेऊन गेलं की साहेब मीटिंगमध्ये.

निवांत
पेमेंटचं म्हणालात म्हणून. चीनमध्ये रोख मिळतं असं वाटतं का तुम्हाला? बीवायडीसकट तिथल्या मोटार कंपन्यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केलं की पुरवठादारांना ६० दिवसांत पैसे देऊ. म्हणजे आधी काय चाललं होतं, ते ओळखा. त्याच्या आदल्याच महिन्यात बीवायडीने २२ मॉडेलांचे भाव पाडले. ते कोणाच्या खिशातून? तुमच्यासारख्याच टूलरूमवाल्याच्या.

चाकणचा टूलरूमवाला
६० दिवस! पाठवा आमच्याकडे तो जाहीरनामा, फ्रेम करून लावतो. मागच्या दिवाळीचं बिल अजून अडकलंय. वर डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपात, कारण काय तर "पॅकिंग ओलं होतं".

खडूस काकू
मग भांडा ना तुमच्या गिऱ्हाइकाशी. इथे चीनचं कौतुक कशाला?

चाकणचा टूलरूमवाला
भांडलो तर पुढची ऑर्डर तुम्ही देणार? नोकरी करणाऱ्यांना एक तारखेला पगार येतो, त्यांना हे कळायचं नाही.

खडूस काकू
मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, विनाअनुदानित. पगाराच्या तारखा मला शिकवू नका.

घाटावरचा
अहो, धागा चीनवर आहे! एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी मोटरीत लागणाऱ्या दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) चुंबकांच्या निर्यातीला परवाने लावले आणि इथल्या ई-स्कूटरवाल्यांची झोप उडाली. त्यावर कुणी बोलेल का?

निवांत
त्यावर बोलायला तुमची बाजू सोडावी लागेल. खनिज इतरत्रही आहे. ते शुद्ध करताना होणारी घाण चीनमधल्या बाओटोऊ शहराच्या आसपासच्या गावांनी अंगावर घेतली, म्हणून चुंबक स्वस्त. बाकीच्यांनी ती आपल्या दारात नको म्हटलं. हीसुद्धा तुमच्या प्रगतीतच धरा.

घाटावरचा
धरली. बाओटोऊचं मान्य. पण चोरी कुठे आली यात? मूळ पोस्टवाले साहेब अजून फिरकले नाहीत.

खडूस काकू
ते फोन चार्जिंगला लावून झोपले असतील. चार्जर कुठला, ते विचारू नका. तेवढं देते तुम्हाला, ९९६ मात्र सोडणार नाही.

चाकणचा टूलरूमवाला
काकू, ९९६ चं म्हणाल तर मी आत्ता शॉपमध्येच आहे, रात्रीचे दहा वाजलेत. ओव्हरटाइम कोण देतंय?