रांग मोठी, तरी ही मुलं मागेच

निरोगी तान्हं बाळ दत्तक घ्यायला पालक वर्षानुवर्षं थांबतात, मग विशेष गरजा असलेल्या मुलांना भारतात घर का मिळत नाही, हा प्रश्न मलाही फार छळतो. मला वाटतं, पुष्कळ जण 'विशेष गरजा' हे शब्द वाचूनच पुढे जातात. पण त्यात दुभंगलेला ओठ किंवा वाकडं पाऊलही येतं, म्हणजे उपचारांनी बरंचसं सुधारणारं. अर्थात आयुष्यभर आधार लागणारी मुलंही त्यात असतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

'कारा' या दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर या मुलांची वेगळी यादी असते. गृहभेट अहवाल (घर-कुटुंबाची पाहणी) झालेल्या पालकांना तिथे ज्येष्ठता यादीतल्या नंबरसाठी थांबावं लागत नाही. २०२२च्या नियमांनुसार दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यांना (नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडल्यास) अशी किंवा सहज घर न मिळणारी मुलंच दत्तक घेता येतात. मुलाचा वैद्यकीय अहवाल मात्र आपल्या बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. निदानाच्या नावापेक्षा पुढच्या पाच वर्षांत नेमकं काय करावं लागेल, ते विचारा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधीच सगळं सांगा; मूल घरी आल्यावर कुजबुज नको.