जुन्या पीसीला कोणतं ग्राफिक्स कार्ड टाकू? (आय५-४५९०, एच८१ बोर्ड)

सांगलीचा_गेमर:
नमस्कार मंडळी, घरी आय५-४५९० प्रोसेसर आहे, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ ची एकच स्टिक आणि जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, कॅबिनेटसोबत आलेला. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. जीटीए ५ कसंबसं चालतं पण रेड डेड २ ला पार दम लागतो, टेक्सचर जरा वाढवलं की व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) संपलीच. बजेट २० हजार. आरएक्स ६६०० बघतोय, दुकानदार म्हणतो आरएक्स ६५०० एक्सटी घे, स्वस्तात काम होईल. नवीन पीसी एवढ्यात जमणार नाही, काय घेऊ?

खटपट्या:
६५०० एक्सटी अजिबात नको भावा. ते कार्ड फक्त ४ लेनचं (लेन म्हणजे डेटा जायचा रस्ता) आहे आणि एच८१ वर ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बोर्डमधला जोड) २.० चाच चालतो, प्रोसेसर ३.० चा असला तरी. म्हणजे सेकंदाला जेमतेम २ जीबी डेटा जाणार, त्यात कार्डाची मेमरी ४ जीबी, ती भरली की सगळं रॅममधून ओढत बसणार आणि गेम झटके खाणार. व्हिडिओ एन्कोडर पण नाही त्यात, रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर.
६६०० ला ८ लेन, ८ जीबी, थोडा तोटा होईल पण चालेल. खरी अडचण पॉवर सप्लायची. ७५० टीआय ६० वॅटचं म्हणून आजवर निभावलं, ६६०० ला १३२ वॅट आणि ८ पिनची वायर लागते. सॅटाच्या (हार्ड डिस्कच्या) वायरीला कन्व्हर्टर जोडून कार्ड चालवतात काही जण, ते प्लीज करू नकोस, कनेक्टर वितळतात.

मुक्ता_पुणे:
मी तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल घे म्हणेन. ७० वॅट, बहुतेक मॉडेल्सना वेगळी वायर लागतच नाही, स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात तेवढ्यात भागतं. फक्त ६ जीबीचंच आहे ना ते नीट बघ, ८ जीबीचं वेगळं, त्याला १३० वॅट लागतात. तुझ्या प्रोसेसरच्या ४ कोर ४ थ्रेडवर ६६०० ची पूर्ण ताकद निघणारच नाही, मग ते पैसे आणखी एक ८ जीबीची स्टिक आणि जुना आय७-४७७० यात घाल, ड्युअल चॅनलनं (दोन स्टिक एकत्र चालल्यानं) झटके बरेच कमी होतील.

खटपट्या:
रॅमचं पटलं, ती आधी घेच. पण ६६०० उद्या नवीन पीसीत पण जाईल, चांगला ५५० वॅटचा सप्लाय पण जाईल, आय७ मात्र त्या बोर्डासोबतच संपणार.

लॅमिंग्टन_फेरी:
जुनं आरएक्स ५८० मिळालं तर? १६ लेनचं आहे, २.० चा त्रास नाही.

मुक्ता_पुणे:
१८५ वॅट आहे ते, सप्लाय तरीही बदलावा लागेल. शिवाय क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस घासलेली खूप आहेत. घ्यायचंच तर दुकानातच लोड टाकून चालवून बघायचं आणि जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) शेडर (कार्डातले छोटे कोर) २३०४ दिसले पाहिजेत, २०४८ वालं पण ५८० म्हणूनच खपवतात.
@सांगलीचा_गेमर, मॉनिटरला एचडीएमआय आहे ना? नवीन कार्डांना व्हीजीए नसतं.

सांगलीचा_गेमर:
नाही ओ ताई, व्हीजीए आणि डीव्हीआय आहे.

मुक्ता_पुणे:
मग साधी एचडीएमआय ते डीव्हीआय केबल घे, चालेल.

सांगलीचा_गेमर:
ठीक. या महिन्यात रॅम आणि ३०५० घेतो, सप्लायला हात लावायला नको. बॉक्सवर ६ जीबी बघूनच पैसे देईन. कॅबिनेटमध्ये जागा किती आहे ते आज मोजतो.