जर्मनीत प्लाझ्मा द्यायचे पैसे मिळतात, जाऊ का? घरचे नको म्हणतायत

आखेनचा_कोल्हापूरकर
नमस्कार मंडळी. मास्टर्ससाठी आखेनला आहे. रूममेट नाशिकचा, तो इथल्या सेंटरला प्लाझ्मा द्यायला जातो, एका वेळचे वीस-पंचवीस युरो मिळतात आणि किराण्याचं बरंचसं त्यातच भागतं म्हणे. मी पण जावं म्हणतोय. पण आईला फोनवर सहज बोलून गेलो तर ती उखडलीच, रक्त विकायची वेळ आली का तुझ्यावर, पैसे पाहिजेत तर तोंडाने सांग की. बाबा मागून ओरडले, आपल्याकडे तो गुन्हा आहे.
तर प्लाझ्मा म्हणून नक्की काय काढतात, रक्तच ना? सारखा दिला तर अशक्तपणा येतो का? आणि ते लोक पुढे त्याचं करतात काय? कोविडमध्ये सगळे प्लाझ्मा प्लाझ्मा करत पळत होते एवढंच मला माहिती. कोणी स्वतः दिला असेल किंवा त्या लाईनमधलं असेल तर सांगा, बाकी व्हॉट्सअ‍ॅप ज्ञान नको.

मोकाट_विचार
कोविडमधला प्लाझ्मा फेल गेला हे सगळ्या जगाला माहितीय. तुला पंचवीस युरो टेकवणार आणि कंपन्या त्यावर करोडो छापणार. आई बरोबर बोलतेय.

पेढीवाला
अरे मोकाट, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी नको करूस. मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.
रक्ताची पिशवी सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून काढली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं, वरणाची निवळ वर येते ना तसं. तो प्लाझ्मा. रक्ताचा निम्म्याहून जास्त भाग तोच, साधारण ५५ टक्के. त्यात ९० टक्क्यांच्या वर पाणी, पण खरी किंमत उरलेल्या प्रोटीन्सची. अल्ब्युमिन आपलं लिव्हर बनवतं आणि ते पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवतं, लिव्हर गेलेल्या माणसाच्या पायाला सूज आणि पोटात पाणी येतं त्याचं हे एक कारण. मग फायब्रिनोजेन आणि बाकीचे फॅक्टर, जखम झाली की रक्त गोठवणारे. आणि अँटीबॉडीज, जंतूंशी लढणारी प्रोटीन्स. शिवाय साखर, क्षार, हार्मोन, सगळी ने-आण यातूनच. रक्त कोणाचं कोणाला चालतं ते आपल्याला पाठ असतं पण प्लाझ्म्यात ते बरोब्बर उलटं होतं, एबी वाल्याचा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो कारण त्यात ए आणि बी विरुद्धच्या अँटीबॉडीज नसतात. आमच्याकडे नवीन पोरं इथेच गोंधळतात.
आता कोविडचं. आयसीएमआरने २०२० मध्ये ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर ट्रायल केली, प्लाझ्मा दिल्याने आजार वाढणंही थांबलं नाही आणि मृत्यूही कमी झाले नाहीत, म्हणून मे २०२१ ला तो उपचारांतून काढला. बरोबर आहे. पण ते बऱ्या झालेल्या एका माणसाचा प्लाझ्मा थेट दुसऱ्याला चढवणं होतं. जर्मनीत देतात तो कारखान्यात जातो, हजारो लोकांचा एकत्र करून त्यातून अल्ब्युमिन, क्लॉटिंग फॅक्टर (तेच रक्त गोठवणारे), इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटीबॉडीज) वेगळं काढतात. ही औषधं रोज लागतात, कोविड असो नसो.
बाबांचंही खरं आहे, सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणं बंद. त्याआधी धंदेवाईक रक्तदाते असायचे, उपाशी माणूस आजार लपवून पुन्हा पुन्हा रक्त द्यायचा. आईच्या पिढीच्या डोक्यात ते पक्कं बसलंय, त्यांना दोष देऊ नकोस.

धायरीकरीण
इम्युनोग्लोब्युलिनचं नाव वाचलं म्हणून लिहितेय. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोड भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात) साथ आली होती आठवत असेल. माझ्या मिस्टरांना आधी जुलाब झाले, मग पायात मुंग्या, आणि एका सकाळी त्यांना बाथरूमपर्यंत जाता येईना. डॉक्टर म्हणाले आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन चालू करायचं, वजनाच्या किलोला २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. ह्यांचं वजन ६०, म्हणजे १२० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. एकेक बाटली हजारोंची, माझी दीर मंडळी मेडिकलच्या चकरा मारतायत आणि मी ते खोकं उलटसुलट करून वाचतेय, मानवी प्लाझ्मापासून बनवलेलं. तोपर्यंत माझ्या डोक्यातच नव्हतं की हे औषध माणसातून येतं. आता ह्यांचं चालणं-फिरणं ठीक आहे. पैसे घेऊन दिला की फुकट दिला हे मी तरी विचारणार नाही बाबा.

पेढीवाला
ताई, हिशोब पूर्ण करतो. एक लिटर प्लाझ्म्यातून साधारण ४-५ ग्रॅमच इम्युनोग्लोब्युलिन निघतं. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या एका कोर्सला पंचवीस-तीस लिटर लागला. आपल्या शिबिरातल्या एका पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिलिटर प्लाझ्मा मिळतो, करा गुणाकार, शंभरावर माणसं झाली. मशीनवर एका बैठकीत पाऊण लिटर देतात तिथेही तीस-चाळीस बैठका. आणि जीबीएसला दुसरा उपाय प्लाझ्मा एक्सचेंजचा, पेशंटचा स्वतःचा प्लाझ्मा काढून टाकायचा, तर त्याच्या जागी भरायला बहुतेक वेळा अल्ब्युमिनच लागतं. फिरून तेच.

मोकाट_विचार
बरं बाबा, पटलं अर्धं. पण ऑस्ट्रेलियात पैसे न देता प्लाझ्मा गोळा करतातच की. तो जेम्स हॅरिसन, त्याच्या प्लाझ्म्यात अँटी-डी नावाची अँटीबॉडी होती, निगेटिव्ह गटाच्या आयांच्या बाळांसाठी तिचं इंजेक्शन बनतं. १९५४ ते २०१८ मध्ये ११७३ वेळा दिलं त्याने, फुकट. २०२५ ला गेला. मग जर्मनीला कशाला पैसे वाटायला लागतात?

म्युनिकची_मृणाल
हॅरिसन रोज जन्माला येत नाहीत म्हणून 😄
मी देते म्हणून सांगते. एकाच हाताला सुई, मशीन रक्त ओढतं, प्लाझ्मा बाजूला काढतं आणि लाल पेशी परत सोडतं, असं फेऱ्या-फेऱ्यांनी पाऊण तास. पेशी परत येताना हात गार पडतो आणि रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात त्याने ओठांना मुंग्या येतात, लगेच नर्सला सांगायचं, त्या स्पीड कमी करतात नाहीतर कॅल्शियम देतात. गप्प बसून सहन करायचं नाही, आपली मुलं तेच करतात. पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, प्रोटीनला वेळ लागतो. जर्मनीत वर्षाला ६० वेळा चालतं पण युरोप परिषदेची शिफारस ३३ चीच आहे, आणि मला विचारशील तर तेवढ्यातच थांब, कारण सारखा दिला की अँटीबॉडीज कमी होतात, अधूनमधून तपासतात ते सेंटरवाले पण आपणही रिपोर्ट बघायचा. भाड्याचं गणित यावर बसवू नकोस, सर्दी झाली तरी परत पाठवतात.
आदल्या रात्री तळलेलं, तुपकट नको, प्लाझ्मा दुधाळ होतो आणि पिशवी फेकून द्यावी लागते. पण उपाशीही जाऊ नकोस, आणि भरपूर पाणी पी. वजन ५० च्या वर पाहिजे. बऱ्याच ठिकाणी फॉर्म जर्मनमध्ये स्वतः भरता यावा लागतो, रूममेटला शेजारी उभं करून चालत नाही.

आखेनचा_कोल्हापूरकर
मनापासून थँक्यू सगळ्यांना. धायरीकर ताईंची पोस्ट आईला वाचून दाखवली, गप्प झाली, मग म्हणाली सुई नवीन असते ना ते बघ. पुढच्या सोमवारी जातोय.

म्युनिकची_मृणाल
थांब थांब, दिवाळीला घरी गेला होतास का?

आखेनचा_कोल्हापूरकर
हो, तीन आठवडे. का?

म्युनिकची_मृणाल
मलेरियाच्या देशातून नुकतंच आलेल्यांना काही सेंटरवाले थोडे दिवस थांबवू शकतात, प्रत्येकाचा नियम वेगळा. सोमवारी फोन कर फक्त, जाऊ नकोस.