नळावरचा पांढरा थर, कोट्याच्या पायऱ्या आणि चिमणीची जाळी

(इंदूरच्या एका सोसायटीचा मराठी ग्रुप)

मृणाल, बी-५०४: नमस्कार. दिवाळीची साफसफाई काढली आहे. दोन्ही बाथरूमच्या नळांवर आणि शॉवरच्या काचेवर पांढरा कडक थर बसलाय, साबणाने हलत नाही. कामाच्या मावशी म्हणतात ॲसिडची बाटली आणा, पाच मिनिटांत निघेल. आणू का?

स्मिताताई, सी-३०१ (घरसफाईची कामं घेतात): नको गं. थर पाच मिनिटांत निघेल, पण त्याच्याबरोबर नळाची चकाकीही जाईल. क्रोमवर एकदा काळपट डाग पडला की तो पुसून जात नाही, नळच बदलावा लागतो. लिंबूसत आण. इथे किराण्याच्या दुकानात नींबू सत किंवा टाटरी म्हणून मागितलंस की देतात, सियागंजात सुटं मिळतं. पाव किलोत दोन्ही बाथरूम होतात.

मृणाल, बी-५०४: किती पाण्यात किती?

स्मिताताई, सी-३०१: एक लिटर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. उकळतं पाणी घेऊ नकोस. नुसतं शिंपडून उपयोग नाही, नळ उभा असल्यामुळे पाणी दोन मिनिटांत ओघळून जातं. जुन्या सुती बनियनच्या पट्ट्या कर, त्या पाण्यात भिजवून नळाला गुंडाळ आणि १५ ते २० मिनिटं तशाच ठेव. पट्टी सुकायला लागली तर वरून पुन्हा थोडं ओत. मग जुन्या टूथब्रशने घासून भरपूर पाण्याने धू आणि कोरड्या फडक्याने पूस. थर जाड असेल तर दुसऱ्यांदा कर, पण एकाच वेळी तासभर ठेवायचं नाही. सोनेरी किंवा काळ्या कोटिंगचे नळ असतील तर हेही करू नकोस. तिथे फक्त साबणपाणी आणि रोजचं पुसणं.

कुलकर्णी काका, ए-१०२ (निवृत्त, रसायनशास्त्र शिकवायचे): कोमटच का, ते सांगतो. थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. लिंबूसताने तो विरघळतो, बारीक बुडबुडे दिसतात ते कार्बन डायऑक्साइडचे. पण तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट फार गरम पाण्यात कमी विरघळतं, ते परत पांढऱ्या साक्यासारखं खाली बसतं. म्हणून उकळू नये.

मृणाल, स्वयंपाकघरातल्या नळावर एवढा थर नसणार, बघ. आपल्याकडे तिथे नर्मदेची लाइन आहे आणि बाथरूम-फ्लशला बोरिंगचं पाणी. मालव्याच्या काळ्या खडकातून येणारं बोरिंगचं पाणी बरेचदा जड असतं.

राजेश, ए-४०३ (घरगुती उपकरणं दुरुस्त करतात): टीडीएस मीटरने मोजलं तर कळेल का काका?

कुलकर्णी काका, ए-१०२: नीट नाही कळणार. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच. थर बसवतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यासाठी थेंब टाकून रंग बदलण्याचं हार्डनेस किट येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. त्यामुळे पाणी मानकात बसलं तरी नळ पांढरे होऊ शकतात.

मृणाल, बी-५०४: आणि काचेचं? लिंबू चोळून पाहिलं, थोडं निघालं पण काच धुरकटच दिसते.

कुलकर्णी काका, ए-१०२: काचेवर दोन गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. क्षाराचा थर आणि साबणाचा मेण. जड पाण्यात अंगाचा साबण कॅल्शियमला धरून न विरघळणारा चिकट थर करतो. आधी लिंबूसताने कॅल्शियम सोडवायचं, पाण्याने धुवायचं, मग भांड्यांच्या लिक्विडने उरलेला मेण काढायचा. या क्रमाने कर. फक्त लिंबू किंवा फक्त साबण वापरला की निम्मंच काम होतं.

स्मिताताई, सी-३०१: आणि पुन्हा बसू नये म्हणून काचेला छोटा रबरी वायपर टांगून ठेव. शेवटी आंघोळ करणाऱ्याने वरून खाली चार-पाच फटके मारायचे. थेंब जागेवर सुकतो म्हणून डाग पडतो, थेंबच ठेवला नाही तर महिन्याची घासाघीस वाचते.

शॉवरसाठी: प्लास्टिकच्या पिशवीत तेच पाणी भर, शॉवर बुडेल अशी वर चढव, रबरबँडने बांध, अर्धा तास ठेव. मग रबरी छिद्रं अंगठ्याने चोळ, आतले खडे बाहेर पडतात. सुई घालायची नाही, रबर फाटतं आणि धार तिरपी होते.

राजेश, ए-४०३: नळाची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळीही काढा. फडकं धरून हाताने फिरवली की निघते, पकड लावली तर ओरखडे पडतात. आत जाळी, प्लास्टिकची चकती, वॉशर असतात. काढतानाच ओळीने ठेवा किंवा फोटो काढा. उलटं बसलं की पाणी बाजूने उडतं. टाकी साफ झाल्यावर दोन दिवसांत सगळ्यांनीच एकदा काढून पाहावी, तळाचा गाळ तिथेच येऊन अडकतो.

पेंढारकर काकू, बी-१०१: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचं ना? फेस येतो आणि सगळं सुटतं असा मेसेज फिरतोय.

कुलकर्णी काका, ए-१०२: काकू, फेस छान येतो, पण दोघांनी एकमेकांना मारून टाकलेलं असतं. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. एकत्र केल्यावर उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा. सोडा ओलसर फडक्यावर घेऊन चहाचे डाग घासायला, व्हिनेगर क्षारावर. त्यातही बाजारातल्या साध्या व्हिनेगरमध्ये आम्ल चार टक्क्यांच्या आसपास असतं, लिंबूसत त्याहून स्वस्त पडतं आणि वासही नाही.

पेंढारकर काकू, बी-१०१: बरं. मग आमच्या ओट्याला आणि फरशीला लिंबूसत चालेल? ओटा ग्रॅनाइट, फरशी कोटा.

स्मिताताई, सी-३०१: कोट्याला मुळीच नाही!! संगमरवराला नाही, जुन्या घरांतल्या मोझेकलाही नाही. कोटा म्हणजे चुनखडीच. आम्ल पडलं की दगड स्वतःच विरघळतो. जो पांढरट ठिपका दिसतो तो वर बसलेला डाग नसतो, तिथली पॉलिशच गेलेली असते. घासून जात नाही, मशीनने पॉलिश करावी लागते. लिंबू पिळताना थेंब पडला, लोणच्याची बरणी ओघळली, तरी लगेच पुसायचं. ग्रॅनाइट त्यामानाने टिकाऊ, पण जोडांतलं सिमेंट खाल्लं जातं, म्हणून ओट्यालाही साबणपाणीच बरं.

अविनाश, डी-२०२ (ॲडमिन): आपल्या जिन्यातल्या पायऱ्यांवर तेच ठिपके आहेत का? दर महिन्याला सफाईवाले बाटली ओतून धुतात.

स्मिताताई, सी-३०१: तेच आहेत. बादलीभर पाण्यात दोन छोटे चमचे भांड्यांचं लिक्विड, नायलॉनचा ब्रश आणि लगेच वायपर. कोट्याला एवढंच लागतं. तेलाचं बोट फिरवून चकाकी आणणारे असतात, त्यांनाही थांबवा. तेलावर धूळ चिकटून महिन्याभरात पायरी काळी पडते.

अविनाश, डी-२०२: सांगतो त्यांना. शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं आणि आपण पायऱ्या जाळतोय 🙏

कुलकर्णी काका, ए-१०२: एक गोष्ट सगळ्यांनी वाचा, कामाच्या मावशींनाही तोंडी सांगा. टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर, लिंबूसत यांपैकी काहीही ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळायचं नाही. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये छाती आवळते, डोळे झोंबतात. ब्लीचमध्ये अमोनियावाला काच-क्लीनरही नको. चुकून झालंच तर वर पाणी ओतत बसू नका. आधी बाहेर पडा, दार-खिडकी उघडी ठेवा, खोकला थांबत नसेल तर डॉक्टरकडे. सोपा नियम ठेवा, आम्लाचा दिवस वेगळा आणि ब्लीचचा वेगळा.

मृणाल, बी-५०४: मग बेसिनच्या सिलिकॉनवरच्या काळ्या बुरशीला काय? ती लिंबूसताने नाही गेली.

स्मिताताई, सी-३०१: तिथे ब्लीच, पण दुसऱ्या दिवशी, जागा धुऊन कोरडी झाल्यावर. टिश्यूची वात वळून ब्लीचमध्ये भिजव, काळ्या रेघेवर दाबून बसव, तासभर ठेव, हातमोजे घाल. त्यानंतरही काळं राहिलं तर बुरशी आतपर्यंत गेली आहे, तो सिलिकॉन ब्लेडने काढून नवा भरावा लागेल. टाइल्सच्या जोडांना लिंबूसत लावायचंच असेल तर आधी साध्या पाण्याने ओले कर, म्हणजे सिमेंट आम्ल शोषत नाही.

राजेश, ए-४०३: आणि ॲसिडची बाटली सिंकखालच्या कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ झिरपते. बिजागऱ्या, सिंकचा तळ, पाण्याच्या पाइपची जाळी, सगळ्यांना गंज. "स्टीलचं सिंक गंजलं" अशा तक्रारीत मी आधी खालचं कपाट उघडून बघतो.

पेंढारकर काकू, बी-१०१: राजेश, चिमणीची जाळी धुण्याच्या सोड्यात टाकली तर चालते का रे? तेल फार धरलंय.

राजेश, ए-४०३: काकू, जाळी कशाची आहे त्यावर आहे. स्टीलच्या पट्ट्यांची असेल तर चालते. बादलीत पाच लिटर कडकडीत पाणी, त्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि एक चमचा लिक्विड, अर्धा तास. मग नायलॉन ब्रश, मग साधं पाणी. बारीक विणीची पातळ जाळी बरेचदा ॲल्युमिनियमची असते. ती सोड्यात टाकली की काळी पडते, हात लावला तरी काळं लागतं. तिला फक्त गरम पाणी आणि लिक्विड, दोनदा करावं लागलं तरी चालेल.

पेंढारकर काकू, बी-१०१: ओळखायचं कसं? चुंबक लावून?

राजेश, ए-४०३: चुंबक चिकटला तर स्टील नक्की. नाही चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही, चांगलं स्टीलही चुंबकाला धरत नाही. माहितीपुस्तिका बघा, नसेल तर ॲल्युमिनियम समजूनच धुवा. जाळी पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका, ओली बसवली की पाणी मोटरकडे जातं. रोज फोडणी आणि आठवड्याला तळण असेल तर तीन-चार आठवड्यांनी धुणं बरं. उशीर झाला की तेल लाखेसारखं घट्ट होतं, मग कुठलंच पाणी पुरत नाही. ऑटोक्लीनवाल्यांनीही खालची तेलाची वाटी काढून रिकामी करायची असते, ती आपोआप होत नाही.

वॉशिंग मशीन पुढून उघडणारं असेल त्यांच्यासाठी: दाराच्या रबराची घडी बोटाने उलटून पुसा, धुणं झाल्यावर दार बोटभर उघडं ठेवा. वास येतो तो तिथून. खाली कोपऱ्यातल्या झाकणामागे फिल्टर असतो. उघडण्याआधी मशीन बंद, खाली पसरट ताट, आणि बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा. सरळ फिरवलात तर दोन लिटर पाणी फरशीवर.

नेहा, सी-४०२: रोजच्या पोछ्याबद्दल कुणी सांगेल का? फिनाइल टाकूनही फरशी चिकट लागते, पावलं उमटतात.

स्मिताताई, सी-३०१: फिनाइल "टाकूनही" नाही, टाकल्यामुळे. बाटलीवरचं प्रमाण बघ, बहुतेक घरांत त्याच्या दुप्पट-तिप्पट पडतं. त्यात कुणी कपड्यांची पावडरही मिसळतं. ते सगळं फरशीवर सुकून पातळ थर होतो आणि त्यावर धूळ बसते. आता दोन दिवस फक्त कोमट पाण्याने पुसून घे, थर निघेल. पुढे दोन बादल्या ठेव, एकीत औषधाचं पाणी, दुसरीत फडकं पिळायला साधं. दोन खोल्यांनंतर साधं पाणी बदल. एकाच बादलीत शेवटच्या खोलीला पहिल्या खोलीची माती लावतो आपण.

मायक्रोफायबरची फडकी असतील तर धुताना कम्फर्टसारखं काही घालू नकोस, धागे बुजतात आणि फडकं पाणी ओढत नाही.

नेहा, सी-४०२: आणि पंखे? कपाटावर सगळं पडतं.

स्मिताताई, सी-३०१: जुन्या उशीचा अभ्रा. स्विच बंद, पातं अभ्र्यात घाल, वरून दाबून बाहेर ओढ, धूळ आतच राहते. सुकंच काढायचं आधी, ओलं फडकं नंतर. खोलीचा क्रम नेहमी छत, पंखा, कपाटाची डोकी, खिडकी, मग फरशी. स्लायडिंग खिडकीच्या पन्हळीत पाणी ओतायच्या आधी कोरड्या पेंटब्रशने माती काढ. बाहेरच्या बाजूला खाली छोट्या फटी असतात, त्या काडीने मोकळ्या कर. त्या बुजल्या की पावसाचं पाणी आत येतं.

पेंढारकर काकू, बी-१०१: झुरळांचं मी सांगते. बोरिक पावडर, पिठीसाखर, कणीक तिन्ही सारखं, थोड्या पाण्यात घट्ट मळायचं, शेंगदाण्याएवढ्या गोळ्या. फ्रिजमागे, सिंकखाली, कपाटाच्या सांध्यात. मुलं आणि कुत्री-मांजरं पोचतील तिथे नाही, आणि मळलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात नाही. आठवडा-दोन आठवडे लागतात. त्याच जागी स्प्रे मारू नका, स्प्रेच्या वासाने झुरळ गोळीकडे फिरकतच नाही. लोक दोन्ही करतात आणि म्हणतात गोळ्यांनी काही झालं नाही.

अविनाश, डी-२०२: उद्यापासून कचरा वाढणार म्हणून आत्ताच सांगतो. जुन्या ॲसिडच्या बाटल्या, स्प्रेचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं हा घरगुती घातक कचरा. गाडीच्या त्या वेगळ्या कप्प्यातच. वायर, रिमोट, बॅटऱ्या इलेक्ट्रॉनिकच्या. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी रोजच्यासारखे. मिसळलेलं असेल तर गाडीवाला परत देतो आणि मग पिशवी गेटवर पडून राहते. बाटलीत थोडं ॲसिड उरलं असेल तर बेसिनमध्ये ओतू नका, झाकण घट्ट लावून उभी द्या आणि देताना सांगा.

मृणाल, बी-५०४: सियागंजला शनिवारी जातेय. लिंबूसत कुणाला हवं असेल तर आज रात्रीपर्यंत फ्लॅट नंबर आणि वजन लिहा.

नेहा, सी-४०२: सी-४०२, पाव किलो.

पेंढारकर काकू, बी-१०१: बी-१०१, १०० ग्रॅम पुरे. फक्त नळांना.