कोल्हापुरात एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा गट) मीटिंगला कोण जातं का? ओळखीचं भेटलं तर काय करायचं?

शिफ्टवाला_शिरोली:
मंडळी, नाव सांगत नाही. वय ४१, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. दारू आधी शनिवारची होती, मग रस्सा मंडळाची, आता रोजची. सकाळी हात इतके थरथरतात की चहाचा कप दोन्ही हातानं धरावा लागतो, कामावर जायच्या आधी थोडी टाकली की मग थांबतंय. गेल्या साली श्रावण आख्खा पाळला आणि गणपतीत दुप्पट चालू. एएची मीटिंग असते, फुकट असते असं ऐकलंय, पण शोधायची कशी? नाव लिहून घेतात का? देवधर्माचं असतं का? आणि खरी भीती सांगू का, कोल्हापूर एवढंसं, रंकाळ्यावर शिंकलं की बिंदू चौकात कळतंय, तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर? गटारी जवळ आलीय, पोरं ओढणारच, त्याआधी जायचंय.

चोवीस_तास:
भावा, मला सोडून ९ वर्षं झाली. रजिस्टर नाही, फी नाही. शेवटी एक थैली फिरते, वाटलं तर दहा-वीस टाकायचे, नवीन माणसाला तर नकोच म्हणतात. बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही हा त्यांचा नियमच आहे. अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे.

शोधायला एए इंडियाच्या साइटवर बघ, तिथल्या नंबरला फोन लावून कोल्हापूरचे ग्रुप विचार. निघायच्या दिवशी परत फोन कर, कारण जागा कुणाची तरी मागून घेतलेली असते आणि बदलते. फोन उचलणारा पण आपल्यातलाच असतो, बिनधास्त बोल. मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड तेवढं विचार, ओपनला घरचं माणूस आलं तरी चालतं, क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांची.

देवाचं म्हणशील तर शेवटी एक छोटी प्रार्थना असते, देव कुठला ते तुझं तू ठरव, आमच्यात एक पक्का नास्तिक पण आहे. लेक्चर देणारा कोण नसतो. सुरवातच तशी झालीय, १९३५ ला अमेरिकेत अक्रन गावात एका शेअर दलालाला प्यायची तलफ आली, तर तो दुसरा दारुडा शोधत गेला आणि एक डॉक्टर सापडला, दोघं तासन्‌तास बोलत बसले, त्यातनं हे उभं राहिलं.

आता ओळखीचं. पहिल्याच दिवशी मला आमच्या गल्लीतला माणूस दिसला, त्याच्या पोराच्या बारशात मी पिऊन मांडवात पडलेलो. मी मागं फिरणार तेवढ्यात म्हणतो, "आलास व्हय? बस, चहा येतोय." अरे तो काय तिथं अंबाबाईच्या दर्शनाला आलेला का? जो तुला बघणार, त्याला तू बी बघणारच की.

ओपीडीवाली_ताई:
दादा, मीटिंगला जा पण ते थरथरणं हलक्यात घेऊ नका. रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, माणूस असंबद्ध बडबडतो, जिवावर बेततं. म्हणून आधी सीपीआरला (आपल्या सरकारी दवाखान्यात) नाहीतर कुठल्याही मानसोपचार डॉक्टरला दाखवा आणि रोज किती होते ते खरं सांगा. सगळे निम्मी करून सांगतात, गोळ्यांचा डोस त्यावरच ठरतो हो. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट आहे.

जुना_पैलवान:
मीटिंगा करून काय होत नाही, सरळ अ‍ॅडमिट व्हा. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे.

चोवीस_तास:
पैलवान, मी पण अ‍ॅडमिट होऊनच आलेलो. घरी आल्यावर संध्याकाळी सातला काय करायचं ते तिथं कोण देणार? माझ्यासाठी मीटिंग त्या सातसाठी आहे.

गंगावेशीतली:
मी पिणारी नव्हे, पिणाऱ्याची बायको. बाटलीवर पेनानं खूण करून ठेवायची मी, किती उतरली बघायला. एकानं "न सांगता दारू सोडवा" म्हणून पावडर दिली, चार हजार घेतले, मी गुपचूप आमटीत घातली. नंतर डॉक्टर रागावले, असल्यात कधीकधी असं औषध असतंय की त्यावर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो. वहिनींना सांगा, असलं काय करू नका म्हणावं. घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळी मीटिंग असते, १९५१ पासूनची, तुम्ही सोडा नाहीतर न सोडा, त्या जाऊ शकतात. आमचे हे आता रात्री दूध कट्ट्यावर असतात, म्हशीचं धारोष्ण पितात आणि मिशी पुसत घरी येतात. पोट सुटलंय, पण ते चालतंय.

शिफ्टवाला_शिरोली:
आज जाऊन आलो. दारात पाय निघंना, पंधरा मिनिटं समोरच्या पानटपरीवर काढली. तेवढ्यात मागनं कोल्हापुरीची करकर ऐकली आणि वळायच्या आधीच कळलं, आमच्या शिफ्टचे सुपरवायझर. कंपनीत रोज शिव्या घालणारा माणूस, "चला" एवढंच म्हणाले. मी काय बोललो नाही, नुसतं ऐकलं, कप हातात हलत होता तर शेजारच्यानं अर्धाच भरून दिला.

ताई, उद्या डॉक्टरकडं जालोय. बायकोला बरोबर न्यावं का? आकडा तिच्यासमोर सांगायचा म्हणजे जरा अवघडच आहे.