मदत हवी आहे: तांब्यावर ग्राफीनचा दुसरा थर का येतोय?

२५ मायक्रॉनच्या तांब्याच्या फॉइलवर, कमी दाबाखाली, मिथेन आणि हायड्रोजन वायू भट्टीत सोडून ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) वाढवतोय. भट्टी १०३५ अंश सेल्सिअसला. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे एक थर झाला की वाढ थांबायला हवी. निकेलसारखी थंड होताना कार्बन बाहेर पडण्याची भानगड इथे नाही. तरी रामनमध्ये (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून थर ओळखायची चाचणी) दोन-तीन थरांची बेटं दिसतात, तीही नेमकी फॉइल लाटताना पडलेल्या रोलिंगच्या रेषांवर! मिथेन कमी केला की बेटं घटतात, पण थर सलग होत नाही. हवेत २०० अंशांना तापवलं की उघडं तांबं लालसर पडून चुगली करतं. आधी इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या मदतीने पृष्ठभाग गुळगुळीत) करू, की हायड्रोजनमध्ये तापवायचा वेळ वाढवू (सध्या अर्धा तास)? कुणी दोन्ही करून पाहिलंय का?