मदत हवी आहे: केर्न्सहून शिडाची बोट दक्षिणेला परत न्यावी की पुढे डार्विनला?

खारावारा
आम्ही दोघे दोन वर्षांपासून १२ मीटरच्या शिडाच्या बोटीवर राहून ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालत आहोत. सिडनीहून उत्तरेकडे सरकत आलो आणि इंजिनाच्या एका सुट्या भागापायी केर्न्सला सहा आठवडे अडकून पडलो. आता सप्टेंबर निम्मा सरला आहे आणि १ नोव्हेंबरपासून, म्हणजे चक्रीवादळांचा मोसम सुरू झाल्यावर, विमा कंपनीला बोट इथे नको आहे. बंडाबर्गपर्यंत मागे जायचे तर सहाशेच्या आसपास सागरी मैल अंतर आहे आणि आग्नेयेचा वारा रोज २० ते २५ नॉटने (ताशी सागरी मैलांनी) तोंडावर येतो आहे. त्यापेक्षा तोच वारा पाठीशी घेऊन टॉरेस सामुद्रधुनीमार्गे डार्विन गाठणे शहाणपणाचे नाही का? कृपया लवकर आणि मुद्द्याचे सांगावे.

डोलकाठी
बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, किती आहे? विमापत्रातील नेमके शब्द काय आहेत? रात्रीचा पहारा दोघेही देऊ शकता का? डार्विनला भरती-ओहोटीतील फरक ८ मीटरपर्यंत जातो, त्यामुळे तिथल्या बऱ्याच मरिना (बोटी ठेवायच्या गोद्या) पाणी अडवणाऱ्या जलकपाटांच्या आत आहेत आणि खोल कीलच्या (तळाच्या कण्याच्या) बोटीला जागा मिळेलच असे नाही. हे कळल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे अंधारात नांगर टाकणे.

पर्थकर
एवढी चौकशी कशाला? सरळ डार्विनला जावे. मी तोच मार्ग केला आहे. टॉरेस सामुद्रधुनीतल्या थर्सडे बेटावरून निघाल्यावर कार्पेंटेरियाचे आखात ओलांडून गोव्हला पोहोचायला आम्हाला तीन दिवस लागले. आखात उथळ असल्याने लाटा आखूड आणि उभ्या येतात, त्यामुळे स्वयंपाक आधीच करून ठेवावा. वेसल बेटांमधल्या चिंचोळ्या गुगारी खिंडीतून मात्र प्रवाहाची वेळ साधूनच जावे, कारण तिथले पाणी नदीच्या पुरासारखे धावते.

डोलकाठी
पर्थकर, आपण हा प्रवास जूनमध्ये केला होता, असे मागच्या एका धाग्यात आपणच लिहिले होते. जूनमध्ये डार्विनला पोहोचणाऱ्याच्या हाती पुढे पश्चिमेकडचा किंबर्लीचा किनारा पाहायला चार महिने असतात. ऑक्टोबरमध्ये पोहोचणाऱ्याने पुढे काय करावे?

निवृत्त_मास्तर
आपल्या दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांचा पहिला मुक्काम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला होता. त्यांनी वाऱ्याची तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही. शिवाय, ऑस्ट्रेलियाच पाहायचा असेल तर हायवे क्रमांक १ देशाला वळसा घालतो; कॅरॅव्हॅनला विम्याची ही कटकट नसते.

खारावारा
मास्तर, आम्ही कॅरॅव्हॅनविषयी विचारलेले नाही. डोलकाठी, पहारा आम्ही दोघेही देतो. विमापत्रात असे आहे की १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात २४ अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेला चक्रीवादळाने झालेले नुकसान भरून मिळणार नाही. ही अट क्वीन्सलँडच्या, म्हणजे केर्न्सकडच्या पूर्व किनाऱ्यापुरती आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

डोलकाठी
आपण उद्धृत केलेल्या वाक्यात क्वीन्सलँडचा उल्लेखच नाही. केर्न्स साधारण १७ अंशांवर आहे आणि डार्विन साडेबारा अंशांवर, म्हणजे आपण सुमारे १२०० मैल खर्ची घालून त्याच निषिद्ध पट्ट्यात आणखी आत जाणार. १९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन कसे उद्ध्वस्त केले, ते विमा कंपन्या विसरलेल्या नाहीत.

पर्थकर
विम्याला भिऊन समुद्रात उतरायचेच कशाला? डार्विनला बोट पाण्याबाहेर काढून पट्ट्यांनी जमिनीला जखडता येते.

डोलकाठी
बोट हेच ज्यांचे घर आहे, त्यांना आपण सहा महिने घराबाहेर काढत आहात, इतकेच.

तांडेल_मालवण
वाद थांबवून वाऱ्याकडे पाहावे. कोकणात रात्री मतलई वारे जमिनीकडून सुटतात, तसेच थोडेफार केर्न्सच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावरही होते. किनाऱ्यालगत मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत आग्नेयेचा जोर बराच ओसरतो. माझे भाचे त्याच किनाऱ्यावर बोटीवर राहतात. ते पहाटे तीनला नांगर उचलतात आणि दहाच्या सुमारास पुढच्या आडोशाला थांबतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात अधूनमधून उत्तरेचे वारेही येऊ लागतात, विशेषतः टाउन्सव्हिलच्या खाली. तेव्हा सहाशे मैलांचा धसका न घेता पहिला टप्पा फिट्झरॉय बेट, मग मोरिल्यन, डंक बेट आणि पुढे हिंचिनब्रूकच्या खाडीतून, असे तुकडे पाडावेत. खाडीत डोंगरांचा आडोसा मिळतो. दक्षिणेच्या मुखाशी, लुसिंडाच्या पाच किलोमीटरहून लांब धक्क्याजवळ, पाणी मात्र उथळ आहे.

खारावारा
तुकडे पाडण्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. तक्त्यावर एकच लांब रेघ ओढून बसलो होतो. गुरुवारी वारा १२ नॉटपर्यंत उतरेल असा अंदाज आहे, तेव्हा पहाटे फिट्झरॉयकडे निघू. लुसिंडाला भरतीच्या कोणत्या वेळी बाहेर पडावे?

डोलकाठी
ड्राफ्ट?

खारावारा
क्षमस्व. १.९ मीटर.

तांडेल_मालवण
मग भरती चढत असतानाच, उजेडात आणि बोयांच्या रांगेतून बाहेर पडावे. तळ लागलाच तर चढते पाणी उचलून देईल; ओहोटीत अडकलात तर पुढच्या भरतीपर्यंत कलंडून बसावे लागेल.